डुकराचा पंखा

धूर दिसला तेव्हा बोल्टकाकांनी बटण बंद करायचं सोडून आधी खिडकी उघडली. मग धावत येऊन प्लग उपटला. यंत्राच्या पोटात काहीतरी खडखडलं, लांबलचक घरघर झाली आणि सगळं शांत. गालिच्यावर बसकण मारून ते त्याच्याकडे बघत राहिले. गोल, राखाडी, पुढे सोंडेसारखी नळी. धूळ ओढायच्या या यंत्राला बायको डुक्कर म्हणायची, कारण ते घुरघुरायचं आणि समोर येईल ते गिळायचं. आज त्याने कपाटाची किल्ली गिळली होती.

बोल्टकाका निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या भांडारात होते. कुठल्या खणात कुठला वॉशर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. नाव तिथेच पडलं आणि चिकटलं. घरात मात्र चहाचा डबा शोधायलाही त्यांना बायकोला हाक मारावी लागे. आता हाकेला ओ द्यायला कुणी नव्हतं. बायको फुप्फुसाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "घरी न्याल तेव्हा घरात धूळ नको. झाडूही मारू नका, उडते." म्हणून तर काका आयुष्यात पहिल्यांदा डुकराच्या वाटेला गेले होते.

विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याने दुकानात ते उघडलं.

"मोटारीतले कार्बन झिजलेत. ते दुसरे घासून बसवता येतील. पण हा पंखा बघा, काका."

पंख्याच्या पात्यांचे तुकडे झाले होते. मध्ये किल्ली मजेत पडली होती.

"दुसरा टाका ना."

"कुठल्या कंपनीचा टाकू? नावाची पट्टी तर कधीच पडलीये." रॉकेलच्या फडक्याने त्याने यंत्राचं बूड पुसलं. काजळीखालून एक ठसा वर आला. "पक्षी आहे."

"कुठला?"

"उडणारा," तो म्हणाला. "काका, नवं घ्या की. कशाला जिवाला त्रास?"

"नवं घेईन हो. पण ती आल्या आल्या विचारेल, डुक्कर कुठंय."

खरं तर ती विचारेल की नाही, याचीच काकांना धास्ती होती. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पण ती बोलेनाशी झाली होती. जिने उभ्या जन्मात त्यांच्या शर्टाच्या कॉलरपासून नगरपालिकेपर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं, ती आता भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवलीस का, तर हं. दुखतंय का, तर नाही. अशा माणसाला तुझं यंत्रही मोडलं म्हणून सांगायचं?

काकांनी बाजार पालथा घातला. पक्ष्याची खूण असलेलं यंत्र म्हटल्यावर दुकानदार चक्रावून बघत. एकाने तर पिंजरे विकणाऱ्याचा पत्ता दिला.

शेवटी भेटीच्या वेळी, तिच्या पांघरुणाची घडी सारखी करत त्यांनी विषय काढला.

"अगं, ते आपलं डुक्कर... कुठून घेतलं होतंस गं?"

"का?" भिंतीकडूनच आवाज आला.

"सहज."

ती हळूहळू या कुशीवर वळली. "तुम्ही सहज काही विचारत नाही. काय केलंत?"

"किल्ली गेली जरा आत."

"जरा?"

"पंखा तुटला."

"अहो, आधी खाली वाकून बघायचं असतं! बघितलंत?" तिचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "आणि धुळीची पिशवी? ती झाडली होती? नाही ना! आत गच्च भरलेली, मग मोटार तापणार नाही तर काय होणार?" तिला खोकला आला. काकांनी घाबरून पाणी पुढे केलं. ती घोटभर प्यायली आणि पुन्हा सुरू झाली. नर्स आत आली. "मावशी, हळू जरा."

"तुम्ही थांबा हो, मला यांच्याशी बोलू दे. शिलाई मशीनच्या दुकानातून घेतलं होतं ते, घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या. त्याच कंपनीचं आहे, मशीनवरही तोच पक्षी असतो. जा तिथे, आणि नीट स्पष्ट बोला. गुळमुळीत बोलू नका!"

काका व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. त्यांना हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागत होते. नर्स जाता जाता थांबली.

"रागावल्या वाटतं?"

"हो," काका म्हणाले, बढती मिळाल्यासारखे. "चांगल्याच रागावल्या."

शिलाई मशीनच्या दुकानात आता एक वयस्कर बाई बसत. पक्षी म्हणताच त्यांनी माळ्याकडे बोट केलं.

"आमचे हे विकायचे ही यंत्रं. आवाजामुळे फारशी खपली नाहीत. एक घरात होतं, त्याची मोटार जळाली. पंखा धड असेल तर न्या."

काकांनी शिडीवरून ते खाली उतरवलं. मधला नट हलेना. त्यांनी क्षणभर विचार करून पाना उलट्या दिशेने फिरवला, तसा तो सुटला. पंखा अख्खा होता. उजेडाकडे धरून त्यांनी एकेक पातं बोटाने चाचपलं. एकावरही चरा नव्हता.

"हे बाकीचं भंगारात टाकू का?" त्यांनी विचारलं.

"नको. इथेच राहू दे," बाई म्हणाल्या. फडकं घेऊन त्यांनी रिकाम्या यंत्राचं झाकण पुसलं आणि स्वतःच्या हाताने बसवलं.

बायको घरी आली ती सकाळची. खिडकीजवळच्या खुर्चीत तिला बसवून, पाय स्टुलावर ठेवून, काकांनी डुक्कर सुरू केलं. पिशवी झाडलेली होती. प्रत्येक ठिकाणी ते आधी वाकून बघत होते. बायको बोटानेच सांगत होती, तिकडे, पलंगाखाली, अजून आत.

पलंगाखालून डोकं बाहेर काढलं तर तिचे डोळे मिटलेले. बोट खुर्चीच्या हातावर निश्चल. काकांनी झटकन बटण बंद केलं आणि तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.

"बंद का केलंत?" डोळे न उघडताच ती म्हणाली. "स्वयंपाकघर राहिलंय."

काकांनी सोंड उचलली आणि स्वयंपाकघराकडे निघाले.