फक्कीचा डबा आणि आठवीची रिले

मी डबा बोलतोय. डबा म्हटल्यावर लगेच चिवडा-लाडू डोळ्यांपुढे आणू नका. माझ्या पोटात असते फक्की, म्हणजे मैदानावर पांढऱ्या रेघा ओढायची चुन्याची पूड. खायला घेतलीत तर तोंड पोळेल.

जन्माने मी वनस्पती तुपाचा. विरारच्या फुलपाड्यात हरिभाऊंच्या घरी आलो. तूप संपल्यावर काही वर्षं त्यांचे तांदूळ सांभाळले. मग माझं झाकण हरवलं, मुंग्यांचं येणं-जाणं सुरू झालं आणि हरिभाऊंच्या बायकोने मला दाराबाहेर ठेवलं. हरिभाऊ आमच्या शाळेचे शिपाई. त्यांनी मला काखेत मारून शाळेत आणलं, खिळा-हातोडी घेतली आणि माझ्या बुडाला भोकं पाडली. वर तारेची कडी लावली. झालो फक्कीचा डबा.

पण काम काय, तर वर्षातून एकदा, क्रीडादिनाला. एरवी क्रीडासाहित्याच्या खोलीत हवा गेलेल्या फुटबॉलांच्या शेजारी पडून राहायचं. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असायचा, मैदानावर नसायचा. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की तो तास गणिताला जायचा आणि गणित कायमच मागे पडलेलं असायचं.

मग प्रल्हाद सर आले. साल असेल अठ्ठ्याण्णवच्या आसपासचं. साताऱ्याकडचा तरुण मास्तर, इस्त्रीची पांढरी पँट, खणखणीत आवाज. खेळाच्या तासाचंही ते टाचण काढायचे. आधी काय, मग काय, शेवटी कोणता खेळ, सगळं लिहून मुख्याध्यापिका क्लेमेंटीन टीचरांच्या टेबलावर ठेवायचे. टीचर वसईच्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिलं टाचण उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही खरंच शिकवणार?"

सर खरंच शिकवायचे, पण सुरुवातीला तोंडानेच. उडी कशी मारायची हे सांगण्यात अर्धा तास जायचा, मुलं उन्हात चुळबुळत उभी. पिंकी नावाची एक बडबडी मुलगी होती. तिने एकदा सांगून टाकलं, "सर, आधी मारू द्या ना उडी. मग चूक काय ते सांगा."

त्या मे महिन्यात सर कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परतले ते नवी गोष्ट घेऊन. म्हणे मुलं तीन तऱ्हांची असतात. काही बघून शिकतात, काही ऐकून, काही करून. सर इतके खूश होते की हरिभाऊंनाही त्यांनी विचारलं, तुम्ही कोणते. हरिभाऊ म्हणाले की आपल्याला बायको सांगते.

माझं नशीब मात्र उघडलं. बघून शिकणाऱ्यांसाठी रेघा हव्यात ना! रोज सकाळी सर मला गच्च भरायचे आणि मैदानभर फिरवायचे. पावलं कुठे टाकायची, वळायचं कुठे, थांबायचं कुठे, सगळं मी मुरमाच्या जमिनीवर काढून द्यायचो. आजूबाजूच्या इमारतींतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. रांगोळी म्हणायच्या त्याला. मला आवडायचं.

आता हेमांगीचं सांगतो. आठवीतली मुलगी, काटक, लांब पायांची. तिची ख्याती अशी की हिचं लक्ष नसतं. सर 'डावीकडे वळ' म्हणाले की सगळे वळायचे आणि ही बाकीच्यांकडे बघून मग वळायची. शिट्टी झाली की सगळे सुटायचे, ही शेवटची. वर्गातही मागच्या बाकावर, उत्तर भलतंच. शिक्षकांनी तिचा नाद सोडला होता.

आणि माझ्या रेघांवर हीच मुलगी अशी धावायला लागली की बघत राहावं. वळण चुकायचं नाही, पाऊल रेघेबाहेर पडायचं नाही. सरांना आभाळ ठेंगणं झालं. "ही बघून शिकणारी आहे," ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगत सुटले. हेमांगीही मान वर करून चालायला लागली. आठवीच्या रिलेच्या चमूत तिचं नाव आलं.

डिसेंबरात आमच्या शाळेत आदर्श पाठ ठरला. दुसऱ्या शाळांचे शिक्षक आणि वरचे एक साहेब बघायला येणार होते. क्लेमेंटीन टीचरांनी सरांना आधीच सांगून ठेवलं होतं की पाठ चांगला झाला तर खेळाचे तास पुन्हा कुणी मागणार नाही. फसला तर त्यांनाही गणिताच्या शिक्षकांना नाही म्हणता येणार नाही.

पाठ होता रिलेतली बॅटन बदलण्याचा. मागून येणारा 'हां' म्हणतो, पुढच्याने मागे न बघता हात मागे करायचा आणि बॅटन घेऊन सुटायचं. मी पहाटेच रेघा काढल्या होत्या, ठसठशीत. पाहुणे खुर्च्यांवर बसले. सुरुवात झकास झाली.

मग चमूतला उमंग बॅटन घेऊन आला. पुढे रेघेवर हेमांगी, तोंड समोर. उमंग 'हां' ओरडला. हिचा हात काही मागे येईना. पुन्हा ओरडला, आणि तोवर तो तिच्या पाठीवर जाऊन आदळला. दोघं खाली, बॅटन घरंगळत माझ्यापाशी. मुलं हसली.

सर पाहुण्यांकडे वळले. बघून शिकणाऱ्या मुलांना ऐकून करायला जड जातं, असं त्यांनी समजावून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण उमंग गुडघा झटकत उठला आणि कुरकुरला, "सर, मी तिच्या कानाजवळ ओरडलो. शेवटच्या बाकाला पण कळलं असतं."

मी त्यांच्या पायाशीच होतो, त्यांची बोटं शिट्टीच्या दोरीशी चाळा करताना बघत होतो. मग ते हळूच हेमांगीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "हेमांगी." सगळ्या वर्गाने वळून बघितलं. ती तशीच, हाताची माती पुसत. सर जरा मोठ्याने म्हणाले. ती तशीच. पिंकीने समोरून बोट दाखवलं, तेव्हा कुठे ती दचकून मागे वळली आणि म्हणाली, "सॉरी सर, माझं लक्ष नव्हतं."

हे वाक्य तिला पाठच झालेलं होतं.

सरांनी पाठ थांबवला. पाहुण्यांसमोर जाऊन ते म्हणाले, "माफ करा. मी या मुलीला सहा महिने बघून शिकणारी म्हणत होतो. तिला ऐकूच येत नाहीये." साहेब घड्याळाकडे बघत उठले. खुर्च्या रिकाम्या झाल्या. अर्धवट टाचण वाऱ्याने उडालं, ते हरिभाऊंनी आणून दिलं.

संध्याकाळी सरांनी बोलावलं म्हणून हेमांगीची आई आली. सुमनताई चर्चगेटच्या एका ऑफिसात कामाला होत्या, रजा टाकून आल्या होत्या आणि चिडलेल्या होत्या. घरीसुद्धा हाक मारून घसा बसतो, पोरगी मुद्दाम ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरांनी विचारलं, लहानपणी कान दुखायचे का. तेव्हा त्यांना आठवलं. लहानपणी कान वाहायचे तिचे. मग थांबले, म्हणून बरे झाले असं सगळ्यांनी धरलं होतं. सुमनताई मैदानाच्या कट्ट्यावर बसल्या आणि पदराने डोळे टिपत राहिल्या. सरांनी त्यांना आपला दोष कुठे ते सांगितलं, त्यांचा कुठे ते काढलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही पडद्यांना भोकं आहेत. आधी एका कानाचं ऑपरेशन झालं. हेमांगी बरेच दिवस आली नाही. खेळाच्या तासाचं काय होणार याची सरांना धास्ती होती. क्लेमेंटीन टीचरांनी नवं वेळापत्रक लावलं, त्यात तास जिथल्या तिथे होते. गणिताच्या शिक्षकांनी विचारलं तर म्हणाल्या, "जी चूक आमच्या सगळ्यांच्या वर्गांत सापडली नाही, ती त्या तासाला सापडली."

हेमांगी परतली त्या दिवशी सरांनी सवयीने शिट्टी मारली. तिने झटकन कानावर हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "ही रोज एवढी मोठ्याने वाजायची?"

सर हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. मग तिने विचारलं, "परत वाजवाल?" आणि त्यांनी वाजवली. पुन्हा पुन्हा वाजवली. गॅलरीतल्या बायका डोकावून बघायला लागल्या.

त्यानंतर सरांनी बघणारे, ऐकणारे, करणारे अशा मुलांच्या तीन रांगा करणं सोडलं. सगळ्यांना दाखवायचे, सगळ्यांना सांगायचे, सगळ्यांकडून करून घ्यायचे. आणि एखादं पोर चुकलं की त्याच्या समोर जाऊन उकिडवे बसायचे आणि काय अडतंय ते त्यालाच विचारायचे.

पुढे सरांची बदली झाली, हरिभाऊ निवृत्त झाले. रेघा ओढायला चाकाचं यंत्र आलं, फार सरळ ओढतं. माझं बूड गंजून गेलं, आता माझ्यात फक्की ठरत नाही. पण मी मोडीत गेलेलो नाही हं. मधल्या सुट्टीत पाचवीची पोरं मला विटेवर ठेवतात आणि लांबून चेंडू मारतात. लागला की मी खणखणत खाली पडतो आणि सगळी नाचतात.

आता नेम धरून उभी आहे ती अँजेलिना, वर्गात सगळ्यांत बुटकी. दोनदा हुकलाय तिचा चेंडू, डोळे भरलेत. तुम्ही तिथे उभेच आहात तर एवढं करा, पायाने एक रेघ तिच्यासाठी जरा पुढे ओढा. आणि मग बाजूला व्हा. मला पडायचंय.