तिघींचं एक कार्ड

या महिन्यात जनाबाई म्हणून दवाखान्यात जायची फेरी भिमीची होती.

डोळखांबकडच्या त्या पाड्यावर गुरं राखायला एकेका घरानं एकेक दिवस जायची रीत होती. एका माणसानं भागत असेल तर सगळ्यांनी रानात जाऊन करायचं काय? तोच कायदा बायकांनी बीपीला लावला. शीतल सिस्टरनं मशीन घेऊन घरोघर तपासलं, तेव्हा जनाबाई, सकुबाई आणि भिमी अशा तिघींचं बीपी वाढलेलं निघालं. पण फुकट गोळ्यांचं कार्ड काढणारे साहेब उगवले ऐन भातलावणीत. घरी सापडली एकटी जनाबाई, बाकीच्या दोघी दुसऱ्याच्या खाचरात वाकलेल्या. सरकारच्या लेखी पाड्यात बीपीची बाई एकच उरली.

मग कार्ड एक, दर महिन्याला बाई वेगळी. गोळी रोजची एक मिळायची. ती आज एकीनं घ्यायची, उद्या दुसरीनं, परवा तिसरीनं. अन्याय कुणावरच नव्हता, आणि गुणही कुणालाच नव्हता.

डॉक्टर मोठा हुशार. बीपी उतरत नाही म्हटल्यावर त्यानं एका गोळीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. तीन झाल्या तशी तिघींना रोज एकेक मिळू लागली आणि भिमीचं गरगरणं थांबलं. चुलीपुढून उठताना आता भिंत धरावी लागत नव्हती.

"जनाबाई," डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला. 'रुग्णांशी उत्तम संवाद' असं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, तो बरोबर त्याच्याखाली बसायचा. "शाबास. बीपी एकदम नॉर्मल. आता तीन गोळ्या बंद. रोज एकच घ्यायची."

भिमीनं मनातल्या मनात वाटणी केली. एक म्हणजे परत तिसऱ्या दिवशी गोळी, परत ती भिंत. तिची आई अशीच गरगरून खाचरात पडली होती, ती उठलीच नाही.

"सायेब, तीनच ऱ्हाऊ द्या."

"औषध आहे ते, चणे नाहीत. जास्त झालं तर चक्कर येऊन पडशील."

"कमी झालं तरी पडू. तिघी पडू."

"कोण तिघी?"

शीतल सिस्टर खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड बघू लागली. ती शेजारच्याच गावची, तिला सगळं ठाऊक होतं.

भिमीनं सांगून टाकलं. "मी जनाबाय नाय, मी भिमी. जनाबाय घरी नाचणी झोडतेय. मागल्या टायमाला सकुबाय आलती. कार्ड एकच दिलंत, म्हून फेरी लावलीय आमी."

डॉक्टरची बोटं थांबली. "पाच महिने?"

"पाच."

"अगं, मी तुला मीठ कमी खा म्हणून किती समजावलं होतं."

"ते जनाबायला. सकूला तुमी इचारलंत, पोरगा कितवीत गेला. तिला पोर नाय, सायेब. लई रडली ती घरी येऊन."

डॉक्टर लाल झाला. "ही शासनाची फसवणूक आहे. तक्रार करीन मी."

"करा की. मंग त्यात लिवा, तीन बायका पाच महिने तुमच्याम्होरं येऊन बसल्या. सकू माज्यापेक्षा हातभर उंच, जनाबायचा एक डोळा गेलेला. तुमाला दिसली एकच बाई."

तक्रारीचा विषय तिथंच बारगळला. शीतल म्हणाली, "सर, मंगळवारी मी मशीन नि फॉर्म घेऊन पाड्यावर जाते. तिघींना आपापलं कार्ड होईल. तोवर तीन लिहा."

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

त्यानं मुकाट तीन लिहिल्या. मग चष्मा पुसला आणि भिमीचा चेहरा नीट न्याहाळू लागला, पुन्हा फसायचं नाही अशा निर्धारानं. कपाळावरचं गोंदण, गालावरचा तीळ, सगळं बघितलं. भिमी जराही हलली नाही. पाच महिन्यांनी का होईना, डॉक्टर तिला तपासत होता.