आलेखावरचं टेंगूळ

डॉ. देवस्थळींना मशीनसमोर बसलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. डोंबिवलीहून यायचे, चहा प्यायचे, चष्मा पुसायचे आणि दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडायचे. याला म्हणे मार्गदर्शन! कल्याणजवळच्या त्या संस्थेत त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या, बाळकुमच्या सरस्वती कोळीला हा सगळा कार्यक्रम पाठ झाला होता.

सत्याऐंशी साली तिला आलेखावर एक टेंगूळ दिसलं. वायूच्या रेणूंवर क्ष-किरण टाकायचे आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांचा वेग मोजायचा, एवढंच त्या मशीनचं काम. एकाच वेगाचे पुष्कळ आले की आलेखावर तिथे टेंगूळ उठायचं. हे टेंगूळ मात्र भलत्याच जागी आलेलं. सरस्वती म्हणाली, हे इलेक्ट्रॉन किरणांनी उडवलेलेच नाहीत. किरणांनी आतला एक उडवला की रेणू खवळतो आणि शांत होता होता स्वतःच दुसरा बाहेर फेकतो. असं होतं हे पुस्तकात होतंच, पण या रेणूत कुणी दाखवलं नव्हतं. सर हसले. पंपाचं तेल असेल, म्हणाले, मशीन नीट पुसत जा.

तिने पुसलं नाही, क्ष-किरणांचा दिवा बदलला. जास्त जोराचे किरण टाकले. भरती आली की होड्या वर येतात आणि खाडीत रोवलेला खांब तिथेच राहतो, हे बाळकुमच्या पोरीला कुणी शिकवायला नको. बाकीची टेंगळं सरकली, त्यांचे इलेक्ट्रॉन जास्त वेगाने आले. हे तेवढं जागचं हललं नाही. म्हणजे यामागचा जोर किरणांचा नव्हे, रेणूचा. तिने दोन्ही आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी पहिला तेवढा उचलला, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काही महिन्यांत सरांचा शोधनिबंध तयार! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. त्यावर नाव एकच, सरांचं. त्यावर आपलं नाव नसेल तर सरस्वतीच्या इतक्या वर्षांच्या कामाला कुत्रं विचारणार नव्हतं. माझं नाव कुठेय, असं तिने विचारलं तेव्हा सर चष्मा पुसत होते.

"तू काय, नुसतं मशीन चालवतेस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग ठाण्याच्या एका कॉलेजात सरांचं व्याख्यान ठरलं. फळ्यावर विषय, खाली ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव. उथळ पाण्याला खळखळाट फार, सर बोलतच सुटले. शेवटी पहिल्या रांगेतल्या विमलाबाईंनी, त्या मुंबईच्या जुन्या प्राध्यापिका, एक साधा प्रश्न विचारला. किरणांचा जोर वाढवून पाहिलात का? तेव्हा हे टेंगूळ सरकलं, की जागीच राहिलं?

सरांनी मागच्या रांगेत बसलेल्या सरस्वतीकडे पाहिलं.

"सरस्वती, सांग गं यांना."

सरस्वती उभी राहिली. "सर, मी तर नुसतं मशीन चालवते."

कुणीतरी खाकरलं. विमलाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हे काम नक्की कुणाचं, असं अगदी शांतपणे विचारलं. सरांनी खडू उचलला. आपल्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं, सरस्वती कोळी.

सरस्वती पिशवीतून तो न पाहिलेला दुसरा आलेख काढून फळ्यापाशी आली. पण तिने तो उघडला नाही.

"वर लिहा, सर."