धर्म : डिट्टो

कचेरी कुठली ते विचारू नका. माझं दुकान तिच्याच दारात आहे आणि मला रोज तिथंच बसायचंय. मी रत्ना. लोकांचे दाखल्यांचे ऑनलाइन फॉर्म भरते, झेरॉक्स काढते आणि दिवसातून दहादा स्वतःचं डोकं फिरवून घेते.

त्या मंगळवारी बिरूदादा ढेबे आला. वेल्ह्याकडच्या डोंगरातला धनगर. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती आहे. संगं म्हातारी आई पारूबाई आणि लेक प्रांजल. प्रांजल आणि माझी सारिका पहिलीपासून एका बाकावरच्या. दोघी यंदा बारावी झाल्या. प्रांजलचा नर्सिंगला नंबर लागला होता. शुक्रवारी पाचच्या आत जातीचा दाखला ऑनलाइन चढवला नाही, तर जागा दुसरीला जाणार. आणि दाखल्याचा अर्ज परत आला होता. शेरा असा : 'शाळेच्या नोंदवहीत अर्जदाराचा धर्म भैरवनाथ. असा धर्म यादीत आढळत नाही.'

"बिरूदादा, ही काय भानगड?"

बिरूदादा मान खाली घालून सांगायला लागला. पोरीला शाळेत घालायला गेला तेव्हा गुरुजींनी विचारलं, धर्म? आता आमच्याकडं कुणी कुणाला काही दिलं की म्हणतात, धर्म केला. आणि त्या साली गावात देवळाचं काम चाललेलं.

"मला वाटलं, वर्गनीचं इचारत्यात. म्या म्हनलं, भैरवनाथाला दिलाय की, एक बकरू."

गुरुजींनी बकरू गाळलं आणि भैरवनाथ लिहिला.

मला हसू आवरेना. प्रांजल मात्र हसली नाही. तिच्या हातात ॲडमिशनचं पत्र होतं, घडी घालून घालून चिंधी झालेलं. मग मी उठले.

खिडकीत धनाजी बसतो. आमच्याच गावचा, खालच्या आळीचा. त्याचा आकाशही याच पोरींच्या वर्गातला, म्हणजे प्रांजल त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेली. पण खिडकीत बसला की त्याला आईबापही ओळखू येत नाहीत.

"रत्नाताई, मला माहितीये हो ती कोण आहे. पण मला माहीत असून काय उपयोग? शासनाला माहीत पाहिजे. हिंदू असल्याचा पुरावा आणा."

"हिंदू असल्याचा पुरावा म्हणजे काय असतो?"

"ते जीआरमध्ये दिलेलं नाही. पण लागतो."

बुधवारी रखमाजी गुरवाचं पत्र आणलं. देवळाचा पुजारी तो, त्यानं बिचाऱ्यानं मोठ्या अक्षरात लिहून दिलं की ही मुलगी लहानपणापासून भैरवनाथाच्या देवळात येते. धनाजीनं ते दोनदा वाचलं.

"आता घ्या! हा तर भैरवनाथ धर्माचाच पुरावा झाला. तुम्ही स्वतःच्या हातानं केस पक्की करताय."

गुरुवारी पारूबाई स्वतः खिडकीशी गेली. बरोबर ताकाची किटली होती, ती तिनं काउंटरवर ठेवली.

"आजी, तुम्ही हिंदू का?" धनाजीनं विचारलं.

"न्हाई बाबा," म्हातारी म्हणाली, "आमी ढेबे."

धनाजीनं ते लिहून घेतलं! खरं सांगते, 'आजीने हिंदू असल्याचे नाकारले' असं लिहून घेतलं. आणि ताक पिऊन किटली परत दिली. बिरूदादाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रांजल बाहेरच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. "काकू, मी काय केलंय गं?" म्हणाली. काय सांगणार तिला, डोंबल?

माझ्या सारिकाचा अर्जही त्याच गठ्ठ्यात होता, पण तिची मला फिकीर नव्हती. आम्ही बौद्ध. आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा पावती घेतली नाही, म्हणून माझ्या दाखल्याच्या वेळी माझ्या बापाला आठ हेलपाटे पडले. 'बौद्ध झाल्याचा पुरावा काय?' आठवा हेलपाटा घालून तो घरी आला आणि जेवलाच नाही. ते माझ्या डोक्यात बसलेलं. म्हणून सारिकाला शाळेत घालताना मी गुरुजींच्या टेबलाशी उभी राहिले. म्हटलं, गुरुजी, तुम्ही आळशी माणूस, नुसत्या डिट्टोच्या खुणा मारत सुटता. माझ्या पोरीपुढं अक्षरात लिहा. त्यांनी लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी हलले नाही.

आणि तिथंच, गुरुवारी संध्याकाळी पोळ्या लाटताना, माझं लाटणं थांबलं. डिट्टो! गुरुजींनी डिट्टो मारले असतील, तर ते कुणाच्या खाली?

शुक्रवारी शाळा उघडायच्या आधी मी स्कूटी घेऊन दारात. मोठ्या बाईंकडून अख्ख्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली आणि थेट खिडकीवर आले.

"धनाजीराव, हे बघा. चौदा नंबरला प्रांजल, धर्म भैरवनाथ. त्याच्या खाली पंधरापासून वीसपर्यंत डिट्टो. म्हणजे तुमच्या धर्माला सात माणसं निघाली. त्यातली शिवानी सरपंचांची."

धनाजी जरा सावरून बसला.

"एकविसाव्या नंबरला माझी सारिका. अक्षरात, बौद्ध. आता तिच्या खाली बघा. बाविसापासून बत्तीसपर्यंत परत डिट्टो. चोविसावं नाव जरा मोठ्यानं वाचता का?"

त्यानं वाचलं नाही. मनात वाचलं असणार, कारण कानापर्यंत लाल झाला. चोविसाव्या नंबरला त्याचा आकाश होता.

"जय भीम, धनाजीराव," मी म्हटलं.

रांगेतली माणसं खो खो हसली. मला इतका आनंद क्वचितच झालाय, खोटं कशाला बोलू. धनाजी मात्र कागद घेऊन असा उठला, की खुर्ची आडवी झाली. साहेबांच्या खोलीचं दार लागलं. आतून एकदा "काय?" असं मोठ्यानं ऐकू आलं.

तीन दिवस ज्याला पुरावा मिळत नव्हता, ते काम अर्ध्या तासात झालं. गुरवाचं पत्र नको, आजीचा जबाब नको, काही नको. साहेबांनी शेरा मारला : लेखनप्रमाद. दुरुस्तीचा आदेश निघाला, शाळेलाही गेला. साडेतीनला प्रांजलचा दाखला हातात आला. मी पळत दुकानात येऊन तो चढवला. चार वाजून दहा मिनिटांनी पोच आली. प्रांजलनं माझ्या गळ्यात अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. पारूबाईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "लई गुनाची माझी बाय," म्हणाली.

आदेश मी पुरता वाचलाच नाही. दुसऱ्याचे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई मी, पण त्या दिवशी आनंदात राहून गेलं.

सोमवारी सारिकाचा अर्ज परत आला. शेरा : 'अर्जदार बौद्ध असल्याचे नमूद करते. शाळेच्या दुरुस्त नोंदीनुसार अर्जदार हिंदू. धर्मांतराचा पुरावा जोडावा.'

आदेश काढून बघितला. 'अनुक्रमांक १४ ते ३२ यांच्या धर्माच्या रकान्यात सरसकट हिंदू असे वाचावे.'

तसाच तो कागद घेऊन खिडकीवर गेले.

"धनाजीराव, आकाशला बौद्धाचा हिंदू केलात, तेव्हा कुठला पुरावा घेतलात?"

"ती चूक होती, ताई. दुरुस्त केली."

"आणि सारिकाचं?"

"तिचं आता रेकॉर्ड झालंय." आणि मग हळू आवाजात, खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला, "साहेबांना घाई होती हो. मधला एक नंबर वगळायचा म्हणजे आदेश परत टाइप करावा लागला असता."

पारूबाई प्रांजलच्या हॉस्टेलच्या कागदांसाठी आली होती, ती मागंच उभी होती. पुढं होऊन म्हणाली, "आरं, म्या सांगते की. ती पोर बौद्ध हाय."

"आजी, तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हंजी? तीच म्हनती की तसं."

"तोंडी चालत नाही," धनाजी म्हणाला, आणि पुढच्याला बोलावलं.

मी दुकानात येऊन बसले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. सारिकानं आदेश वाचला, पानाची नक्कल वाचली, एकविसाव्या नंबरवर बोट ठेवलं.

"आई, तू तर उभी राहून लिहून घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं गं बाई," मी म्हटलं. "चौदा ते बत्तीस, एवढा एकच शब्द बरोबर होता. तोच त्यांनी दुरुस्त केला."

मग मी नवा फॉर्म उघडला. धर्माच्या रकान्यात 'हिंदू' आपोआप भरून आलं होतं. मी पुसायला गेले, तर तो रकाना पुसताच येत नव्हता.