रुळांपाशी अडलेला दांडा

मी एक जुना दांडा आहे. मित्रांनो, शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चालकाच्या उजव्या हाताला दार उघडण्यासाठी असतो, तो. माझे अंग लोखंडाचे, त्यावर चकचकीत मुलामा आणि टोकाला काळी मूठ. कारखान्यात मला एका सळईने दाराशी जोडले आणि खाली बोटभर खिळीवर बसवले. त्या खिळीभोवती मी वळलो की दार उघडे. माझे सारे काम तिच्यावर अवलंबून होते.

आमची बस अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंडेन गावची. ती अर्लीन कोपेत्स्की चालवायची. गावाबाहेर धान्याच्या उंच कोठारापाशी रेल्वेचे रूळ रस्ता ओलांडतात. तिथे शाळेच्या बसने थांबायचे, दार उघडायचे, मालगाडीचा आवाज येतो का ते ऐकायचे आणि मगच पुढे जायचे, असा कायदा आहे. अर्लीन हात वर करायची. मागची कलकल थांबायची. मग ती मला ओढायची आणि मक्याच्या शेतांवरचा वारा आत यायचा. सगळी बस कान देऊन ऐकायची. पलीकडे गेल्यावर ती माझ्या मुठीवर थाप मारायची. "शाब्बास, गड्या!"

पुढे खीळ झिजली आणि मी करकरू लागलो. अर्लीनने गॅरेजमधल्या मर्विनला सांगितले. त्याने तेल सोडले. तिने पुन्हा सांगितले, तेव्हा त्याने तार गुंडाळली.

"अगं, तुझ्यापेक्षा तो कमी कुरकुरतो," तो हसून म्हणाला.

एका सकाळी रुळांपाशी मी अडलो. अर्लीनने दोन्ही हातांनी ओढले, तरी हललो नाही. तिने शेजारची काच सरकवली, डोके बाहेर काढून श्वास रोखून कानोसा घेतला आणि मगच बस पलीकडे नेली. मागे पोलिसाची गाडी होती. त्याला फक्त बंद दार दिसले. त्याने बस थांबवली आणि अर्लीनच्या हातात कोर्टात हजर राहण्याची चिठ्ठी ठेवली. त्या दिवशी मुले शाळेपाशी मागच्या, संकटकाळी वापरायच्या दाराने उतरली.

अर्लीन दोषी ठरली तर बस चालवण्याचा तिचा परवाना काही काळासाठी जाणार होता आणि ही फेरी दुसऱ्याला मिळणार होती. मर्विनने मला काढून भंगारातल्या बसचा दांडा तिथे बसवला. अर्लीनने मला पुरावा म्हणून पिशवीत घातले.

कोर्टात त्या पिशवीत मी जर्दाळू भरलेल्या गोड पावांच्या, म्हणजे कोलाचेंच्या, डब्याला टेकून पडलो होतो. मला चैन नव्हते. दांडा अडला होता, हे मी दाखवणार होतो. पण दार उघडले नव्हते, हेही माझ्यावरूनच कळणार होते. मी तिला वाचवणार होतो की बुडवणार होतो?

शेजारी म्हातारा ऑरविल बसला होता. त्याचा कुत्रा मोकाट सापडला होता, म्हणून त्यालाही बोलावले होते.

"तुझा पोलीस दिसतोय का कुठं?"

"नाही, ऑरविलकाका."

"मग देव पावला, पोरी! तो आलाच नाही तर सुटलीस. माझा बघ, माझ्याआधी येऊन बसलाय."

कोर्टाचे दार उघडले की अर्लीनची मान वळायची. ते दार जराही करकरत नव्हते. मला त्याचा हेवा वाटला.

अर्लीनचे नाव पुकारले. पोलीस आला आहे का, असे जजबाईंनी विचारले. कारकुनाने फोन लावून पाहिला, कुणी उचलला नाही.

"साक्षीदारच नाही, तर खटला कसला? रद्द. जा घरी, कोपेत्स्कीबाई."

अर्लीन उभीच राहिली. तिचा हात पिशवीत, माझ्या मुठीवर होता. "पण जजबाई, ते दार..."

ऑरविलने तिचा कोट ओढला. "गप! सुटलेली बाई पुन्हा गळ्यात फास घालून घेतेस का?"

जजबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "काही सांगायचं आहे?"

मूठ तिच्या तळव्यात गरम झाली होती.

"नाही," अर्लीन म्हणाली.

बाहेर ऑरविलने कोलाचे तोंडात टाकला. "सुटलीस ना? मग असं तोंड का?"

"उद्या त्याच रुळांवरून जायचंय, काका."

ती घरी गेली नाही. तडक गॅरेजमध्ये गेली.

"सुटलीस म्हणे! चला, विषय संपला," मर्विन म्हणाला.

अर्लीनने मला त्याच्या टेबलावर आपटले. कॉफी सांडली. "केस संपली, मर्विन. दार अजून अडतंय. तू लावलेला दांडाही करकरतोय. नवीन दांडा, नवीन खीळ. तोवर किल्ली माझ्या खिशात."

"आणि पोरांना शाळेत काय मी नेऊ?"

"ने की तुझ्या ट्रकमधून. त्याचं दार उघडतं."

मर्विनने माझ्या झिजलेल्या भोकातून बोट फिरवले. मग नवा दांडा मागवायला त्याने फोन उचलला.

पोलीस का आला नाही, हे मला आजवर कळलेले नाही. मी आता गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला लटकतो. रोज सकाळी बस निघण्यापूर्वी अर्लीन नवा दांडा ओढून पाहते. तो आवाज न करता वळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मित्रांनो, वस्तू एकाएकी अडत नाही. आधी ती करकरते, आणि तेव्हाच तिच्याकडे लक्ष द्यायचे असते. कोर्टात माझी साक्ष कुणी घेतली नाही, म्हणून ती तुमच्यापुढे देतो आहे.