पोळलेला हात

खटकचिंचोळीत रेणुका शिवणकाम करायची. वय बावन्न, लग्न झालेलं नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिनंच बेतलेले. कुणाचा दंड किती, कुणाची पाठ किती, हे ती वही न उघडता सांगायची. तिच्या स्वतःच्या बाह्या मात्र बारा महिने मनगटापर्यंत. भर वैशाखात मशीनवर बसून घामानं भिजायची, पण बाही कधी वर सारायची नाही.

नऊ वर्षांची असताना उकळतं आंधण तिच्या डाव्या हातावर सांडलं होतं. कोपराच्या वरपासून मनगटापर्यंतची कातडी आक्रसून, गाठीगाठीची होऊन बसली. पुढं लग्नाचं वय झालं तेव्हा तीनदा पाहुणे आले. तिसऱ्या वेळी मुलाच्या आत्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि काही न विचारता रेणुकाची बाही कोपरापर्यंत सरकवली. चहा तसाच ठेवून पाहुणे उठले. त्या संध्याकाळी रेणुकानं वडिलांना सांगितलं, "आता कुणाला आणू नका." वडिलांनी आणलं नाही. आई-वडील गेले, धाकटा भाऊ अंकुशराव बिदरला नौबादमध्ये भांड्यांचं दुकान टाकून स्थिरावला, आणि दोन खोल्यांच्या घरात रेणुका आणि तिचं मशीन राहिलं.

गेल्या नागपंचमीच्या सुमारास कोपराखाली त्या जुन्या पोळलेल्या जागेवर एक भेग पडली. मशीनच्या कडेला घासलं असेल म्हणून तिनं हळद दाबली. खपली धरली, आठवड्यानं सुटली. मग मेडिकलमधून मलम आणलं. परत खपली, परत सुटली. असं करत करत दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा आला. जखमेच्या कडा उचलून टणक झाल्या, आतलं मांस लाल दिसू लागलं, आणि पट्टी सोडली की वास यायला लागला. तेव्हापासून ती बायकांना दारातच थांबवू लागली. "जुना ब्लाऊज दे, त्याच्यावरून बेतते," म्हणायची. बायका ब्लाऊज देऊन जायच्या. कामून गं आत घेत न्हाईस, असं एकीनंही विचारलं नाही. तिला त्याचं हायसंही वाटायचं आणि रात्रीचं ताट एकटीनं धुताना वाईटही वाटायचं.

वैशाखात शेजारच्या उमादेवीच्या लेकीचं लग्न होतं. तिचा मोतिया रंगाचा ब्लाऊज शिवताना कापडावर रक्ताचा थेंब पडला. रेणुकानं थंड पाण्यात साबण चोळून चोळून डाग काढला, ब्लाऊज वाळवून इस्त्री करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भालकीची बस धरली.

तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मलमाची ट्यूब बघितलीच नाही.

"किती दिवस झाले?"

"नऊ म्हैने."

"जुन्या भाजलेल्या जागेवर जखम झाली आणि महिना-दीड महिन्यात भरली नाही, तर तेव्हाच यायचं असतं, बाई. इथं होणार नाही हे. कलबुर्गीला जा." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

कलबुर्गीच्या त्या मोठ्या दवाखान्यात ती बाकावर बसली तेव्हा शेजारी एक म्हातारी होती, पार्वतम्मा. नाकाच्या कडेला चिकटपट्टी. कानडीतच बोलणं सुरू झालं. रेणुकाला दोन्ही भाषा सारख्याच.

"बाजरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता," पार्वतम्मा सांगत होती. "काढला. पण तपासणीत निघालं की एका कडेला थोडं उरलंय. म्हणून परत बोलावलं, परत काढलं. मी रडले, तर डॉक्टरीण म्हणाली, अम्मा, उरलंय ते कळलं हे बरंच झालं की." मग तिनं विचारलं, "तुझ्यासोबत कोण आलंय?"

"येतोय भाऊ," रेणुका म्हणाली. भावाला तिनं सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर शैलश्री चाळिशीच्या होत्या. त्यांनी हात हातात घेतला. त्रेचाळीस वर्षांत आईशिवाय कुणी तो असा धरला नव्हता. रेणुकाला रडू आलं ते दुखण्यानं नव्हे, पण डॉक्टरांना तसं वाटलं आणि त्यांनी पकड सैल केली. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा त्यांनी तपासायला काढला. दहा दिवसांनी रेणुका रिपोर्टसाठी गेली, तेव्हाही एकटीच.

"कातडीचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्या थांबल्या. रेणुका टेबलावरच्या काचेकडे बघत राहिली. "ऐकताय ना? काखेत गाठ लागत नाही, ही चांगली गोष्ट आहे. हा ऑपरेशननं निघण्यासारखा आहे."

त्यांनी पेन घेऊन तिच्या हातावरच जखमेभोवती एक गोल काढला, मग त्याच्या बाहेर दोन बोटं सोडून दुसरा. "डोळ्याला दिसतं ते एवढं. पण कापायचं ते इथून. त्याची मुळं चांगल्या दिसणाऱ्या कातडीखाली गेलेली असू शकतात."

"माया सोडायची म्हणा की," रेणुका म्हणाली. डॉक्टरांना कळेना, तेव्हा तिनं आपल्या बाहीची शिवण उलटून दाखवली. शिलाईबाहेर कापड जास्तीचं सोडतात, ते.

"हां, अगदी तसंच," डॉक्टर हसल्या. "एवढा मोठा भाग शिवून मिटणार नाही. मांडीवरची पातळ साल काढून तिथं बसवू. आणि काढलेलं सगळं परत तपासायला जाईल. कडेपर्यंत काही पोचलेलं दिसलं, तर पुन्हा काढावं लागेल. ते आधीच सांगून ठेवते." मग त्यांनी रोजच्या गोळ्या विचारल्या, साखर, रक्तदाब, रक्त पातळ करायचं औषध. "मिसरी लावता?"

"लावते."

"आजपासून बंद. तंबाखू चालू असली की लावलेली कातडी धरत नाही. आणि ऑपरेशनला सोबत माणूस लागेल."

मग मात्र भावाला सांगावं लागलं. ऑपरेशनला पुढल्या आठवड्याची तारीख मिळाली. अंकुशराव आला, बिस्किटांचे पुडे आणि नवी चादर घेऊन. त्यानं सही केली. डॉक्टर कागद भरत होत्या. "लहानपणी पोळलं ते कसं?" त्यांनी विचारलं.

अंकुश तेव्हा चार वर्षांचा होता. चुलीभोवती पळता पळता त्यानंच आंधणाच्या भगुन्याला धक्का दिला होता. आई धावत आली तेव्हा रेणुका ओरडत म्हणाली होती, माझाच पाय लागला. वडील त्याला मारतील म्हणून. नंतर ते खरं सांगायची वेळ कधी आलीच नाही.

"माझाच पाय लागला," रेणुका म्हणाली.

"लई अवखळ होती म्हणं अक्का," अंकुशराव डॉक्टरांना म्हणाला.

काखेत सुई देऊन हात बधिर केला, मांडीलाही वेगळी सुई दिली. ती जागीच होती. मध्ये हिरवं कापड धरलेलं, पलीकडं कुणीतरी आपल्या हाताशी काहीतरी करतंय एवढंच कळायचं. हत्यारं ट्रेमध्ये पडल्याचा आवाज यायचा. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "गेलं का सगळं?"

"दिसत होतं तेवढं गेलं," कापडापलीकडून शैलश्री म्हणाल्या. "न दिसणारं काय ते तपासणीत कळेल."

हातापेक्षा मांडीच जास्त दुखली. साल काढलेल्या जागेवर निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. हात उशीवर उंच ठेवायचा, हलवायचा नाही. दुसऱ्या दिवशी अंकुशराव उठला. "अक्का, दुकान सोडून आलोय. माणूस एकटाच हाय तिथं. सोडायच्या दिवशी येतो की मी."

"जा. मला काय, सिस्टरबाई हायत."

वॉर्डात दुपारी प्रत्येक खाटेपाशी डबे उघडायचे. आंबट वरणाचा, शेंगाचटणीचा वास यायचा. रेणुका दवाखान्याचं उप्पीट एका हातानं खायची. एका हातानं सगळं जमलं, फक्त वेणी जमली नाही. तीन दिवस केस तसेच राहिले. चौथ्या दिवशी समोरच्या खाटेवरची कुणाची तरी सून फणी घेऊन आली, काही न विचारता मागं बसली आणि विंचरायला लागली. रेणुका मान खाली घालून बसली. वेणी घालून झाल्यावरही ती तशीच बसून होती. त्या सुनेचं नाव विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी ते लोक घरी गेले.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली. जांभळट, ओलसर, खोलगट जागा बघून रेणुकानं तोंड फिरवलं. "छान धरलंय," डॉक्टर म्हणाल्या. एक कोपरा काळा पडला होता. तेवढं आपोआप गळेल, पट्ट्या करत राहायच्या. "हात पहिल्यासारखा दिसणार नाही. खळगा राहील, रंग वेगळा राहील. वर्षभर बदलत राहील, लगेच बघून घाबरू नका. या कातडीला ना घाम, ना तेल. जखम भरली की खोबरेल चोळायचं आणि उन्हात झाकायचं."

रिपोर्ट आला तो आषाढात. सगळ्या बाजूंच्या कडा स्वच्छ. रेणुकानं बसस्टँडवरूनच भावाला फोन लावला.

"चांगलं झालं अक्का! मी म्हणलोच होतो."

"अंकुश," ती म्हणाली. मागं बसचा हॉर्न वाजत होता. "तुला ते आठवतं का रे, मी पोळले तवा—"

"अक्का, गिऱ्हाईक आलंय. संध्याकाळी लावतो."

संध्याकाळी फोन आला नाही. तिनंही लावला नाही. आता त्याला सांगून त्याच्या मनावर कशाला ओझं टाकायचं, असं ती स्वतःशी म्हणाली. पण ते पूर्ण खरं नव्हतं. कुणाला तरी ते ठाऊक असावं, एवढंच तिला हवं होतं.

दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं ठरलं. मधल्या काळात महिन्यातून एकदा स्वतः सगळं बघायचं: लावलेली कातडी, तिच्या कडा, बाकीची जुनी खूण, काखेत बोटं घालून गाठ. नवीन फोड, न भरणारी भेग, काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. "कोपराच्या मागचं तुम्हाला दिसणार नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "घरच्या कुणाला तरी बघायला सांगा." रेणुकानं हो म्हटलं होतं.

पहिल्या महिन्यात तिनं आरसा भिंतीला टेकवून, दुसरा हातात धरून बघायचा प्रयत्न केला. हात वळेना. आरशात नुसती भिंत, छप्पर आणि कोपराची कड दिसे. दुसऱ्या महिन्यातही तसंच. बोटांच्या टोकांना जेमतेम तिथं काहीतरी खरखरीत लागत होतं, आणि त्यानं तिची झोप गेली.

एके दिवशी सकाळी ती उमादेवीच्या दारात जाऊन उभी राहिली. उमादेवी भाकरी थापत होती.

"रेणुकाक्का? ये की. काय झालं?"

"एक काम हाय. उजेडात ये जरा."

अंगणात येऊन रेणुकानं बाहीची बटणं काढली. बाही दंडापर्यंत सारली आणि कोपर तिच्यासमोर धरलं. उमादेवीचा हात तोंडाशी गेला, पिठाचा.

"अग्गं माझे माये," ती म्हणाली. "हे कवापासून?"

"ते मागून सांगते. आदी मागं बघ. फोड हाय का, चीर हाय का."

उमादेवीनं हात पदराला पुसले. वाकून, कोपर दोन्ही हातांत धरून, उन्हाकडं वळवून बघितलं. वेळ लावून बघितलं.

"न्हाई. नुसती कोरडी कातडी हाय. पांढरी. तेल लावायला पोचत न्हाई वाटतं तिथपर्यंत तुझा हात."

"न्हाई पोचत."

आत तवा जळाल्याचा वास आला. "थांब," म्हणून उमादेवी पळाली. रेणुका अंगणात तशीच उभी राहिली. गल्लीतून दोघीतिघी पाण्याला गेल्या. त्यांनी बघितलं, आणि गेल्या. ऊन हातावर पडलं होतं, झाकायला हवं होतं. ती सावलीत सरकली आणि आतून उमादेवी परत येते का, याची वाट बघत राहिली.