एक कोरा रकाना

"बाबा, पुढच्या वर्षीची भरती-ओहोटी आत्ताच छापून तयार असते ना? मग पुढच्या वर्षी मी काय करणार, तेही कुठेतरी छापून ठेवलं असेल का?"

प्रश्न भिंगरीचा, पैज मैत्रिणींची. त्या दोघी बंदराच्या कचेरीच्या दाराआड तोंड दाबून उभ्या होत्या. भिंगरीच्या बाबांना कामात असताना काही विचारणं म्हणजे वाघाच्या मिश्या ओढणं! पण यंदा वर्गात उभं राहून बोलायला लागल्यापासून भिंगरी कुणालाच भीक घालत नव्हती.

बाबा भरती-ओहोटीला धक्क्याच्या खांबावर पाणी कुठवर आलं ते बघायचे आणि वहीत लिहायचे. डाव्या रकान्यात छापील पुस्तकातला अंदाज, उजव्यात डोळ्यांनी पाहिलेलं पाणी. एकवीस वर्षं, ताप असो की वादळ, खाडा नाही.

"समुद्राला मन नसतं, म्हणून त्याचं आधी छापता येतं," बाबा मान वर न करता म्हणाले. "आणि तुझ्या त्या दोन वकिलांना सांग, दार मोडू नका."

दाराआड खसखस पिकली आणि पावलं धूम पळाली.

बाबा पाणी बघायला खाली उतरले, तशी भिंगरीने कपाटातली जुनी वही ओढली. तिला एकच तारीख हवी होती. ताई गेली तो दिवस.

दोन वर्षांपूर्वी ताईने पलीकडच्या किनाऱ्यावर नोकरी धरली. बाबा "नको" म्हणाले, ती "जाणार" म्हणाली, बाबा म्हणाले, "मग परत येऊ नकोस." बस्स, एवढंच! तेव्हापासून ताईचा विषय निघाला की आईचं एकच पालुपद, "वेळ आली की सगळं होईल." भिंगरी ताईच्या पलंगावर आडवी होऊन त्या वेळेची वाट बघायची. उशीचा तेलाचा वास उडून गेला. ताईचं हसू उचकीसारखं सुरू व्हायचं, पण पुढे कसं जायचं, तेही हल्ली आठवेना.

पान सापडलं. डावीकडे आकडे. उजवीकडे काहीच नाही.

बाबा परत आले तेव्हा वही उघडीच होती.

"बाबा, इथे लिहायचं राहिलंय."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "धक्क्यावरच होतो," ते हळूच म्हणाले. "बोट दिसेनाशी होईपर्यंत. पाणी बघायचं राहूनच गेलं."

"मग नंतर अंदाजाने भरायचं ना."

"न पाहिलेलं लिहायचं नसतं, बाळा."

भिंगरीने कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. म्हणजे बाबासुद्धा! घरात तिघं, पलीकडे एक, आणि चौघंही वेळ येण्याची वाट बघत बसलेले. पाणी आपलं आपण चढतं, उतरतं. पण माणसांची वेळ? ती अशी आपोआप कधी आली आहे?

रात्री जेवताना तिने ताट बाजूला सारलं.

"येत्या रविवारी सकाळच्या बोटीने मी ताईकडे जाणार आहे."

आईचा डाव हवेतच राहिला. "अगं, वेळ आली की—"

"ती यायची तेव्हा येऊ दे, आई. मी जातेय. तुम्ही दोघं येणार असाल तर तीन तिकिटं काढते. नाहीतर एक. पण जाणार म्हणजे जाणार!"